वारं आलेला स्पार्टाकस: ७५ मिलिमीटरची मूर्ती रंगवताना

डब्यावर स्पार्टाकसचं, म्हणजे रोमविरुद्ध गुलामांचं बंड उभारणाऱ्या ग्लॅडिएटरचं (आखाड्यात लढवल्या जाणाऱ्या योद्ध्याचं) नाव नव्हतं. पण आतले अकरा तुकडे टेबलावर मांडल्यावर दुसरं कोणी डोळ्यांपुढे येतच नाही. वाकडी सिका तलवार, परमुला म्हणतात ती लहान चौकोनी ढाल, गुडघ्याच्या वर चढणारी पायकवचं, ग्रिफिनचा (अर्धा गरुड, अर्धा सिंह अशा काल्पनिक प्राण्याचा) तुरा असलेलं शिरस्त्राण आणि जबडा ताणून ओरडणारं उघडं डोकं. ही सगळी थ्रेक्स प्रकारच्या ग्लॅडिएटरची सामग्री. त्यावर शिल्पकाराने कल्पनेची भर घातलेली होती: तलवार दीडपट मोठी, खांद्यावर काटे, पट्ट्याला कवट्या. मूर्ती ७५ मिलिमीटरची, म्हणजे साधारण १:२४ प्रमाणातली, राखाडी रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकची.

रंगाच्या बाटलीला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा ओरडणारा योद्धा वेडा कशाने झाला आहे? अंगभर रक्त फासलं की माणूस जखमी दिसतो, वेडा नाही. उत्तर मला प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने दिलं. स्पार्टाकसला विकायला रोमला आणलं तेव्हा तो झोपलेला असताना एका सापाने त्याच्या चेहऱ्याला वेटोळं घातलं, असं तो सांगतो. स्पार्टाकसच्या बायकोच्या अंगात डायोनायसस या ग्रीक देवाचं वारं यायचं. तिने ती खूण मोठ्या आणि भयंकर सामर्थ्याची आहे असं सांगितलं. आपल्याकडे ‘वारं आलं’ म्हटलं की जो चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो, तोच मला हवा होता. म्हणून कवट्या आणि काटे कापून टाकले आणि त्यांच्या जागी साप आणला. मोठी तलवार मात्र ठेवली. कल्पनेतल्या योद्ध्याला एक अतिशयोक्ती शोभते, तीन शोभत नाहीत.

प्रसंगही पक्का केला: इ.स.पू. ७३, बंडाचे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावरचे पहिले दिवस. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण कापुआ शहराहून आलेल्या तुकडीला हरवून सैनिकी शस्त्रं हाती आल्यावर या बंडखोरांनी ग्लॅडिएटरची शस्त्रं अपमानास्पद म्हणून आनंदाने फेकून दिली. म्हणजे आखाड्याचा साज अंगावर दाखवायचा तर त्याआधीचाच क्षण निवडायला हवा. खरं तर ग्रिफिनच्या तुऱ्याची जी शिरस्त्राणं पॉम्पेईत सापडली, ती इ.स.च्या पहिल्या शतकातली, स्पार्टाकसनंतरची. एवढी सूट मी घेतली, पण शिरस्त्राण डोक्यावर न चढवता पायाशी टाकलं.

आता काम. तुकडे कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ टूथब्रशने घासायचे. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य रेझिनवर राहतं आणि ते राहिलं तर प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) पुढे सालीसारखा निघतो. काखेत, बोटांच्या फटीत आणि केसांच्या खाचांत ते हमखास उरतं. धुतल्यावर रात्रभर वाळू द्यायचे. साच्याच्या रेघा आधी सुरीच्या पात्याने खरवडायच्या, मग ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. कोरडं घासू नये. रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट असते. पाणी आणि मास्क दोन्ही हवेत.

सिका टोकाकडे भलत्याच बाजूला वळलेली होती. मुळातच वाकडी तलवार असली की ही चूक सहज नजरेतून सुटते, म्हणून ती कागदावर आडवी ठेवून बघायची: पातं सगळीकडे कागदाला टेकलं पाहिजे. गॅसवरून उतरवलेल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरली की रेझिन नरम पडतं. मग सपाट फरशीवर दाबून तशीच थंड पाण्यात घालायची. जोर लावून गार रेझिन वाकवलं तर मुठीपाशी तुटणारच.

सांध्यांत मी ०.८ मिलिमीटरची पितळी तार घालतो. हातड्रिलने दोन्ही बाजूंना ४ ते ५ मिलिमीटर खोल भोक पाडायचं. दोन्ही भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका भोकाच्या तोंडाशी रंगाचा ठिपका ठेवून तुकडे एकमेकांवर टेकवायचे. ठिपका उमटेल तिथे दुसरं भोक. घोटे आणि मनगट यांना तार हवीच. मोठ्या सांध्यांना दोन भागांचं इपॉक्सी वापरतो, कारण हात नीट बसवायला चार-पाच मिनिटं मिळतात. सुपरग्लू बारीक तुकड्यांना ठीक, पण पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी साचते. थोडासाच लावायचा आणि खोलीत पंखा चालू ठेवायचा. ढाल आणि तलवारीचा हात मात्र या वेळी चिकटवायचा नाही. छातीवर ढाल आली की मागे ब्रश जात नाही.

सापासाठी पिवळी-निळी इपॉक्सी पुटी घेतली. पट्टीत दोन रंग जिथे चिकटलेले असतात ती मधली रेघ कापून टाकायची. ती आधीच घट्ट झालेली असते आणि मळल्यावर बारीक खडे होतात. बाकीची समसमान घेऊन एकच हिरवा रंग येईपर्यंत मळायची. ०.३ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर तिची दीड मिलिमीटर जाडीची, ४० मिलिमीटर लांबीची वळी केली. डाव्या काखेखालून मानेमागून आणून डोकं उजव्या गालाला टेकवलं. वीसेक मिनिटं थांबल्यावर पुटीचा चिकटपणा कमी होतो, तेव्हा खवले उमटवायचे. इंजेक्शनच्या बारीक सुईचं टोक कापून किंचित तिरपं घासलं की तिचा अर्धगोल ठसा उमटतो. शेपटीकडून डोक्याकडे, एकेक ओळ अर्ध्या खवल्याने सरकवत. सुई दर पाच-सहा ठशांनी पाण्यात बुडवायची, नाहीतर पुटी तिच्याबरोबर उचलून येते. नळाच्या दुरुस्तीची पुटी यासाठी घेऊ नये. ती भरड असते आणि खवल्याच्या कडा भुसभुशीत येतात. पूर्ण सुकायला चोवीस तास.

दुसरी भर पाठीवरच्या सळईची. कापुआच्या ग्लॅडिएटर-शाळेतून पळायचा कट दोनशे जणांचा होता, निसटले अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांनी स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया उचलल्या. १ मिलिमीटरची पितळी तार ४५ मिलिमीटर कापली, म्हणजे प्रत्यक्षात एक मीटरहून थोडी जास्त. एक टोक हातोडीने चपटं केलं, दुसरं कानशीने निमुळतं. सळईवर गंज दाखवायचा मोह टाळावा. रोजच्या वापरातल्या तव्याला गंज चढत नाही, तेलाचा आणि काजळीचा थर चढतो. काळ्यात थोडा जांभळट तपकिरी आणि टोकापाशी वंगणाची चमक, एवढं पुरे.

प्रायमर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने: ०.३ मिलिमीटरची सुई, २० ते २५ पीएसआय हवेचा दाब, १५ सेंटीमीटर अंतर. आधी सगळीकडून काळा, मग फक्त वरून, ४५ अंशांपेक्षा जास्त कोनातून पांढरा. उजेड कुठे पडतो हे त्यामुळे मूर्तीवरच दिसतं. मी लगेच फोटो काढून ठेवतो आणि पुढे प्रत्येक थराला तोच बघतो. हवेत दमटपणा ७० टक्क्यांच्या वर असेल तर फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

गणपतीच्या मूर्तीची आखणी सगळ्यांत शेवटी होते. इथे मी डोळे सगळ्यांत आधी करतो, कारण चुकलेली रेघ नंतर त्वचेच्या रंगाने झाकता येते. पांढरा निव्वळ पांढरा नको. हस्तिदंती रंगात कणभर गुलाबी. कोपऱ्यात फिका लाल. बुबुळ गडद तपकिरी, आणि इथेच सगळं वेड आहे. शांत डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते. वारं आलेल्या डोळ्यात बुबुळाच्या वरही पांढरं दिसतं. ही फट या मापात केसाएवढी असते. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलं तर चेहरा नुसता रागीट होतो. खालच्या पापणीपासूनही सुटलं तर घाबरलेला दिसतो. वर फट, खाली किंचित टेकलेलं. माझं उजवं बुबुळ चार वेळा पुसावं लागलं. रंग सुकायच्या आत ओल्या ब्रशने उचलायचा. सुकल्यावर खरवडायला गेलं की खालचा प्रायमरही जातो. नजर समोरच्यावर नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे ठेवली.

त्वचेचा मूळ रंग: लालसर तपकिरी दोन भाग, पिवळा गेरू एक भाग, ऑलिव्ह हिरव्याचा एक ठिपका. सावलीला त्यात गडद तपकिरी आणि जांभळा, उजेडाला गेरू आणि फिकट त्वचारंग. कधीही निव्वळ पांढरा नाही. त्याने उन्हात काम केलेली कातडी खडूसारखी दिसते. थर सहा-सात, प्रत्येकात एक भाग रंगाला दोन भाग पाणी. शेवटच्या पातळ फेऱ्यांना एकास सहा. ब्रश २ नंबरचा, कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा. टोक शाबूत असेल तर लहान ब्रशची गरज फक्त डोळ्यांना. रंगात बुडवल्यावर टिश्यूला एकदा टेकवायचाच. न टेकवता पातळ रंग लावला की कडेला ओघळाची रेघ राहते, आणि अर्धवट ओल्या थरावर परत ब्रश फिरवला तर खालचा रंग निघून खड्डा पडतो. तसं झालं तर थांबून पूर्ण सुकू द्यायचं आणि मधल्या छटेचा पातळ हात देऊन कडा मिटवायच्या.

जुने व्रण आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिके, एका बाजूला बारीक सावलीची रेघ. मांडीवर जखम दाखवली नाही. मांडीला भाला लागून स्पार्टाकस गुडघ्यावर लढल्याचं इतिहासकार अॅपियन सांगतो, ते शेवटच्या लढाईत, इ.स.पू. ७१ मध्ये. रक्त फक्त सिकेच्या आतल्या धारेवर आणि मनगटापर्यंत.

कांस्याबद्दल माझं ठाम मत आहे. बहुतेक जण सगळं चिलखत हिरवं करतात आणि योद्धा उत्खननातून निघाल्यासारखा दिसतो. ग्लॅडिएटर-शाळेत शस्त्रांना मालक होता, ती घासून ठेवली जात. गडद तपकिरीवर कांस्यरंग, खाचांत तपकिरी-काळी शाई, कडांना सोनेरीत थोडी चांदी. हिरवट गंज फक्त खिळ्यांभोवती आणि तुऱ्याच्या मुळाशी: फिरोजी आणि पांढरा, आठपट पाण्यात, उंचवट्यावरचा लगेच पुसून.

बैठक ४० मिलिमीटरच्या लाकडी ठोकळ्यावर कॉर्कची, वर प्यूमिसची, म्हणजे हलक्या ज्वालामुखी दगडाच्या भुकटीची लुगदी. व्हेसुव्हियसवर तेव्हा रानद्राक्षांच्या वेली होत्या. त्यांचेच दोर वळून हे लोक कड्यावरून उतरले आणि खालच्या रोमन छावणीवर पाठीमागून आले. जुन्या वायरीतल्या ०.२ मिलिमीटरच्या तारा पिळून वेल केला. पानं कागदाची, ४ मिलिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या दहा सेंटीमीटरच्या पानाएवढी, पाच टोकांची. एकाच हिरव्याने रंगवली तर प्लास्टिकची वाटतात. दोन-तीन पानांच्या कडा पिवळ्या करायच्या.

मॅट वार्निश धातूची चमक मारतं, म्हणून ते आधी त्वचेवर आणि कापडावर, आणि कांस्याच्या उजळ कडा त्यानंतर. मग ढाल आणि तलवारीचा हात चिकटवले. रक्तावर चकचकीत वार्निशचे दोन हात, सापाच्या पाठीवर साटिनचा, म्हणजे मंद चमकीचा, एक. सगळ्यात शेवटी ००० नंबरच्या ब्रशने डोळ्यांत चकचकीत वार्निशचा एकेक थेंब. तो सुकेपर्यंत मूर्ती काचेच्या बरणीखाली झाकून ठेवली, कारण ओल्या डोळ्यावर बसलेला धुळीचा कण काढता येत नाही.