केओएचच्या बाटलीतलं लोखंड

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सलग पाच दिवस माझा आलेख रोज आदल्या दिवसापेक्षा चांगला येत होता. एफटीओ काचेवर (वीज वाहू देणारा लेप असलेली काच) निकेल हायड्रॉक्साइडचा पातळ थर, भोवती केओएचचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, १ मोलर द्रावण, आणि पाण्यातून ऑक्सिजन सोडवायला लागणारा जादाचा व्होल्टेज दर दिवशी थोडा खाली. चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी पहिल्या दिवशी ४१० मिलिव्होल्ट लागले होते, पाचव्या दिवशी ३४०. लोणचं मुरावं तसा थर मुरतोय, त्याची आतली रचना बदलतेय आणि म्हणून तो सुधारतोय, असा माझा सिद्धांत होता. पेपरचं शीर्षकसुद्धा वहीत लिहून ठेवलं होतं.

हे ७० मिलिव्होल्ट किरकोळ वाटतील, पण तसे ते नाहीत. विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळवायला किमान १.२३ व्होल्ट लागतो, त्यावरचं सगळं उष्णतेत वाया जातं. हायड्रोजनची बाजू त्या मानाने सोपी आहे. ऑक्सिजनच्या बाजूला मात्र चार इलेक्ट्रॉन एकापाठोपाठ काढावे लागतात, आणि गाडी तिथेच अडते. एक किलो हायड्रोजनमागे १०० मिलिव्होल्ट वाचवले तर सुमारे २.७ युनिट वीज वाचते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. तेवढ्या हायड्रोजनवर हीच बचत धरली तर वर्षाला १,३०० कोटी युनिटांहून जास्त होतात. आम्लात चालणारा उत्प्रेरक म्हणजे इरिडियम, जे जगात वर्षाला मोजके टनच निघतं. म्हणून अल्कलीत, निकेलसारख्या स्वस्त धातूवर काम करायचं मी ठरवलं होतं.

आमच्या गाइड मॅडमनी पाचही दिवसांचे सीव्ही (व्होल्टेज वरखाली करत प्रवाह मोजलेले आलेख) एकावर एक टाकायला सांगितले. मी प्रवाह बघत होते, त्या मात्र त्याच्या अलीकडचं, निकेलच्या ऑक्सिडीकरणाचं छोटं शिखर बघत होत्या. थरात लोखंड शिरलं की हे शिखर सरकतं. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं, हे शिखर रोज उजवीकडे सरकतंय. केओएच कुठल्या बाटलीतलं वापरलंस?"

बाटलीच्या लेबलवर लिहिलं होतं: लोह ०.००१ टक्क्यापर्यंत. एवढ्याशा लोखंडाने काय होणार, असं मला वाटलं. मॅडमनी हिशोब करायला लावला. १ मोलर द्रावणाच्या लिटरमध्ये ५६ ग्रॅम केओएच, म्हणजे ०.५६ मिलिग्रॅम लोखंड. माझ्या सेलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या भांड्यात, १०० मिलिलिटर, म्हणजे ०.०५६ मिलिग्रॅम. आणि काचेवरच्या थरात निकेल किती? ०.२ मिलिग्रॅम. निकेलच्या पाव भागाहून थोडं जास्तच लोखंड द्रावणात होतं, आणि निकेल हायड्रॉक्साइड ते शोषून घेतो. रात्री होस्टेलवर मी तोच गुणाकार तीनदा केला. उत्तर तेच येत होतं.

मग मागचं वाचलं. कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं की निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन जोरात सुटतो तो अत्यल्प लोखंडामुळे. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या बॉचर यांच्या गटाने तर माझ्या 'मुरण्याचा'च निकाल लावला: लोखंड पूर्ण काढलेल्या केओएचमध्ये थर कितीही मुरवा, तो सुधारत नाही. मुरताना तो लोखंड पीत असतो, एवढंच. दोन वर्षं या विषयात असून हे पेपर मी नीट वाचले नव्हते, याचं फार वाईट वाटलं.

केओएच शुद्ध करायची त्यांची पद्धत सुंदर आहे: ज्या गुणाने मला फसवलं त्याच गुणाने शुद्ध करायचं. अतिशुद्ध निकेल नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात केओएच घातलं की पोपटी, दह्यासारखा साका बसतो. तो सेंट्रिफ्यूज करून धुवायचा, पुन्हा फिरवायचा, पुन्हा धुवायचा, असं तीनदा. मग त्यावर केओएच ओतून खूप हलवायचं, किमान तीन तास ठेवायचं, फिरवून वरचं नितळ द्रावण काढून घ्यायचं. साका लोखंड धरून बसतो.

सांगायला सोपं आहे. पहिल्या तीन वेळा माझं फसलं, कारण लोखंड दुसऱ्याच वाटांनी आत येत होतं. केओएचच्या गोळ्या मी स्टीलच्या चमच्याने काढत होते. सेल काचेचा होता आणि केओएच काच हळूहळू खातं, काचेतही लोखंडाचा अंश असतो. शेवटी सगळं प्लास्टिकचं केलं: पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या, टेफ्लॉनचा सेल, प्लास्टिकचा चमचा, प्रत्येक भांडं आधी सल्फ्युरिक आम्लाने धुतलेलं. ज्युनिअर मुलगा चुकून काचेचं बिकर घेऊन आला की मी दारातूनच ओरडायचे. "ताई, सोवळं पाळतेय जणू," तो म्हणायचा. खरंच तसंच होतं, आणि त्यात माझे सहा आठवडे गेले. वहीत त्या दिवसांचा एकही चांगला आलेख नाही.

चौथ्या वेळी मात्र जमलं. व्होल्टेज वाढवत नेला तसा फिकट थर काळा पडला, म्हणजे निकेलचं ऑक्सिडीकरण झालं. आणि मग काहीच नाही. एरवी जिथे काचेवर बुडबुड्यांची झुंबड उडायची तिथे एखादाच बुडबुडा कडेला चिकटून होता. पाच दिवस ठेवला, शिखर जागचं हललं नाही, प्रवाह वाढला नाही. माझा 'उत्तम उत्प्रेरक' असा गप्प बसलेला बघून मला रडू यायला हवं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या आकड्यांवर विश्वास वाटला.

मग त्याच सेलमध्ये फेरिक नायट्रेटच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकला. काही मिनिटांत प्रवाह चढायला लागला. काळ्या थरावर बारीक बुडबुडे उठले, आधी मोहरीएवढे, मग दाट फेसासारखे. मॅडम शेजारी उभ्या होत्या. दोघीही काही बोललो नाही.

तिथून खरं डिझाइन सुरू झालं. लोखंड चोरून येऊ द्यायचं नाही, मोजून घालायचं. निकेलसोबत ५, १०, २०, ३०, ४० टक्के लोखंडाचे थर बसवले. २० टक्क्यांना जादाचा व्होल्टेज सर्वांत कमी लागला. ३० च्या पुढे थर बिघडला. हे आधीच्या कामाशी जुळतं: साधारण २५ टक्क्यांवर लोखंड निकेलच्या जाळीत मावत नाही, वेगळं पडतं, आणि वेगळं पडलेलं लोखंड कामाचं नसतं. लोखंड नेमकं काय करतं यावर अजून वाद आहे. स्टॅनफर्डच्या २०१५ च्या क्ष-किरण अभ्यासात लोखंडाचा अणू हीच कामाची जागा असल्याचं मांडलं होतं. माझा कल त्याच बाजूला आहे.

पेपरचं जुनं शीर्षक खोडलं. नव्या पेपरमध्ये शुद्धीकरणाची कृती चमच्यासकट लिहिली आहे, कारण निकेलवर काम करणाऱ्या कुणाचेही सहा आठवडे वाचले तर मला हवेच आहेत.

सध्या माझ्यासमोर उलटा प्रश्न आहे. शुद्ध केओएचमध्ये २० टक्क्यांचा थर तासन्‌तास चालवला की लोखंड हळूहळू बाहेर पडतं आणि प्रवाह उतरतो. म्हणजे द्रावणात थोडं लोखंड ठेवावंच लागणार, जितकं जातं तितकंच परत बसेल इतकं. ते किती, हे शोधण्यासाठी चार सेल लावलेत. यूपीएसवर आहेत, कारण मागच्या महिन्यात वीज गेली तेव्हा ६० तासांची चाचणी वाया गेली होती. आज सकाळी ७१ वा तास होता, आणि दुसऱ्या सेलचा प्रवाह अजून हललेला नाही.