सोडियम सरकतंय? आधी मिलिव्होल्ट बघा

रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोलाइट अनालायझरवर सोडियमचा ड्रिफ्ट एरर (आकडा सरकत असल्याची सूचना) आला की हात आपोआप कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मशीन ठरलेल्या द्रावणाशी जुळवून घेण्याच्या, बटणाकडे जातो. तीन-चारदा दाबल्यावर कधीतरी पास होतं, काम सुरू होतं, बिघाड मात्र जिथल्या तिथे. त्यापेक्षा सर्व्हिस मेनूत जाऊन कच्चे मिलिव्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रोडकडून येणारा मूळ व्होल्टेज, बघावेत.

३७ अंश सेल्सिअसला सोडियम-पोटॅशियमची तीव्रता दहापट झाली तर सिद्धांताप्रमाणे ६१.५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक जवळजवळ ४ टक्क्यांची. पोटॅशियम ४ असेल तर ०.१५ इकडेतिकडे, कुणाच्या लक्षातही येत नाही. सोडियम १४० ला तीच चूक ५ मिलिमोलची होते. म्हणून बोंब आधी सोडियमची होते आणि चांगला चालणारा सोडियम इलेक्ट्रोड उगाच बदलला जातो.

खरा गुन्हेगार ओळखायला क्लोराइडकडे बघा. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचे सगळे इलेक्ट्रोड मोजले जातात तो) सरकला की सगळे चॅनल सारख्याच मिलिव्होल्टने हलतात. पण क्लोराइड ऋणभारित, त्यामुळे सोडियम-पोटॅशियम खाली आले तर क्लोराइड वर जातं. हे चित्र दिसलं की रेफरन्स बाहेर काढा. आतल्या पोटॅशियम क्लोराइडची पातळी, टोकाशी अडकलेला बुडबुडा, साचलेले मिठाचे खडे, ओ-रिंग (रबरी सील) तपासा. बुडबुडा टिचकी मारून वर घालवता येतो.

एकाच चॅनलचा स्लोप (तीव्रता दहापट झाल्यावर पडणारा मिलिव्होल्टचा फरक) हळूहळू घसरत असेल तर बहुधा प्रोटीनचा थर. मशीनसोबतचं डीप्रोटिनायझर (प्रोटीन काढणारं द्रावण) चालवा, काचेच्या सोडियम इलेक्ट्रोडला त्यानंतर कंडिशनर. कंडिशनरमध्ये फ्लोराइड असतं. हातमोजे घाला आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. पोटॅशियमचा पडदा प्लास्टिकचा असतो, त्याला स्पिरिट लावायचं नाही, खरवडायचं तर अजिबात नाही.

आकडा सरकत नसून उड्या मारत असेल तर ती वेगळी भानगड: चपटी झालेली पंप ट्यूब, सॅम्पलच्या वाटेतली हवा किंवा सैल अर्थिंग.

एक बिघाड अलार्म देतच नाही. स्टँडर्डमधलं (कॅलिब्रेशनच्या द्रावणातलं) पाणी उडून ते घट्ट झालं की कॅलिब्रेशन झकास पास होतं, पण कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला तपासणी नमुना) आणि पेशंट दोन्हींचे आकडे कमी येतात. अशा वेळी स्टँडर्डचा पॅक बदला, कॅलिब्रेट करा, कंट्रोलच्या सगळ्या लेव्हल लावा. मग शेवटचा कंट्रोल बरोबर आला होता तिथपासूनचे रिपोर्ट तपासायला बाहेर काढा आणि ठेवलेल्या सीरमपैकी काही परत चालवून बघा.