स्त्रेल्निकोवाबाईंचा श्वास आणि ख्यालाचा गळा

आवाज बसला की ग्वाल्हेरात पहिला सल्ला तानसेनच्या मकबऱ्याजवळच्या चिंचेच्या पानांचा आणि दुसरा कपालभातीचा. मला गुण आला तो अलेक्सान्द्रा स्त्रेल्निकोवा (१९१२–१९८९) या रशियन गायिकेच्या श्वासपद्धतीने. तिने आणि तिच्या आईने ती बसवली ती गायकांचा गेलेला आवाज परत आणायला. दम्यासाठी वापर पुढे सुरू झाला.

आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घेतले. गाठ नाही, सूज आहे हे कळल्यावरच व्यायाम धरला. तीन-चार आठवडे घोगरेपणा राहिला तर ही तपासणी हवीच.

कपालभातीत उच्छ्वास झटक्याने आणि श्वास आपसूक. इथे नेमके उलटे. नाकाने आखूड, आवाज होईल असा श्वास घ्यायचा, टाळी वाजवावी तसा. उच्छ्वास तोंडातून आपला आपण जातो. तो ढकलला की पुढचा श्वास अर्धवट होतो आणि चक्कर येते. आमच्याकडची मंडळी हमखास इथेच अडतात. खांदेही उचलायचे नाहीत.

पहिला व्यायाम तळव्यांचा: कोपरे खाली, तळवे समोर, प्रत्येक श्वासाला मूठ आवळायची. सुरुवातीला चार श्वास, तीन-चार सेकंद थांबा, पुन्हा चार. दुसऱ्यात मुठी कमरेशी धरून श्वासासरशी जमिनीच्या दिशेने ढकलायच्या. तिसऱ्यात पाठ गोल करून किंचित वाकायचे, वाकणे संपते तिथे श्वास, आणि पूर्ण ताठ न होता परत वाकायचे. रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा करू नये.

जमले की आठ-आठ श्वासांची बारा आवर्तने, म्हणजे ९६. मी मध्य लयीतला केरवा ताल लावते. आठ मात्रांना आठ श्वास, मोजायची कटकट नाही. सोळा मात्रांच्या तीनतालात मधला थांबा हरवतो, तो नको.

जानेवारीत इथली पहाटेची हवा बोचरी असते. ती झटक्याने आत ओढली की नाक कोरडे पडून खोकला सुटतो, म्हणून खिडक्या बंद ठेवून, थोडे कोमट पाणी पिऊन करते.

लगेच ताना घेत नाही. थोडा वेळ गप्प बसून ओठ मिटून मध्य सप्तकातला सा, मग खाली मंद्रातले नि, ध. खर्जात आवाज फाटायला लागला की त्या दिवशी तिथेच थांबते.