झाडलेला गोळा

खोदकामातली ती केस अजून डोक्यातून जात नाहीये. पायाच्या खड्ड्यात तोफेचा जुना गोळा निघाला म्हणून आमच्या बॉम्ब डिस्पोजल युनिटला कॉल आला, आणि आम्ही पोचलो तर गोळा खड्ड्यात नाहीच. मशीन चालवणाऱ्या पोराने तो कवेत धरून सुपरवायझरच्या शेडमध्ये नेलेला, आणि तिथं कुणीतरी पाणी मारून, ब्रशने घासून स्वच्छ पण केलेला!

आमच्यात जवळ जायचं ते एकट्यानेच, बाकी सगळे कॉर्डनबाहेर, म्हणजे सुरक्षा घेऱ्याच्या बाहेर. मी गेलो, हात न लावता आधी बुडाजवळचा तांब्याचा पट्टा बघितला. न वापरलेल्या गोळ्यावर तो गुळगुळीत असतो, पण तोफेतून सुटताना नळीतले आटे त्यावर तिरक्या खाचा पाडतात. इथं खाचा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे गोळा झाडलेला. झाडतानाचा धक्का आणि गरगर फिरणं यानेच फ्यूजची, म्हणजे गोळा फोडणाऱ्या यंत्रणेची, सेफ्टी सुटते, म्हणजे हा पूर्ण तयार होऊन, जमिनीवर आपटून, तरी न फुटता राहिलेला. आतलं टीएनटी हे स्फोटक वर्षानुवर्षं टिकतं, फ्यूजचा मात्र भरवसा नाही. 2010 साली जर्मनीत ग्योटिंगेनला महायुद्धातला बॉम्ब फुटून 3 जण गेले, तेही याच कामातले तज्ज्ञ, आणि बॉम्ब निकामी करायला अजून हातसुद्धा घातला नव्हता.

असला गोळा आहे तिथंच उडवायचा. खड्ड्यात असता तर चारी बाजूंना आयती माती होती. शेडमध्ये खाली काँक्रीट, वर पत्रा, त्यामुळे सगळी दुपार रेतीच्या गोण्या रचण्यात गेली, वर साहेबलोकांचे फोन, अजून किती वेळ. ज्यांना धोक्याच्या जवळ यायचं नसतं त्यांनाच घाई जास्त असते. कॉर्डनवरचा एक तरुण शिपाई मात्र उन्हात शेवटपर्यंत गर्दी मागे रेटत उभा होता, खरं काम त्याने केलं.

शेड गेली, माणूस एकही जखमी नाही. सुपरवायझर म्हणाला, उचलला तेव्हा काही झालं नाही, मग उगाच एवढं नुकसान कशाला? त्याच्याशी मी वाद घातला नाही. पण तो पोरगा बाजूला येऊन हळूच विचारत होता, "साहेब, मग माझ्या हातात का नाही फुटला?" पिन गंजून अडकली असेल, डेटोनेटर खराब झाला असेल, मी जमेल तसं सांगितलं. नक्की काय ते कळायला फ्यूज हातात लागतो, आणि तो तर आम्हीच उडवला होता.