जिचं स्वतःचंच ठिकाण पक्कं नाही, तिने मांजर का घ्यावं?

"तुझं बिऱ्हाड विंचवाचं. आज इथे, उद्या कंपनी पाठवेल तिथे. मग त्या मुक्या जिवाला कशाला अडकवलंस?" हे मला आईने विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, आणि आता तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलंय. काहींचा रोख जरा वेगळा आहे: "आम्हीही दोन-तीन वर्षांसाठीच परदेशात आलोय. बिल्डिंगखाली एक मांजर येऊन बसतं. घेऊ का घरात?" मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून एकत्रच उत्तर देते.

घ्या. मात्र घरात आणाल त्याच आठवड्यात तिला घेऊन निघण्याची तयारी सुरू करा. निघायची तारीख माहीत नसते म्हणूनच हे आधी करायचं. परदेशातून जाताना प्राणी मागे ठेवून गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांतली बहुतेक रडत गेली. माया कमी नव्हती, हातात वेळ नव्हता. बदलीचं पत्र येतं, निघायला जेमतेम महिना-दीड महिना असतो, आणि तेव्हा कळतं की जनावराच्या कागदपत्रांना अर्धं वर्षही लागू शकतं. मग घरातलं सामान विकता विकता मांजरासाठी घर शोधणं सुरू होतं. पिल्लू असतं तोवर सगळ्यांना हवं असतं. मोठ्या मांजराला घर मिळता मिळत नाही.

हा वेळ कशात जातो ते सविस्तर सांगते, कारण सगळं गाडं इथेच अडतं. मूळ कारण रेबीज. पहिली पायरी मायक्रोचिपची, म्हणजे कातडीखाली बसवायच्या ओळख क्रमांकाच्या चिपची, आणि दुसरी रेबीजच्या लशीची, आणि हा क्रम बदलून चालत नाही. चिप लशीच्या आधी किंवा फार तर त्याच दिवशी बसलेली असावी लागते. युरोपीय संघाचा नियम असाच आहे आणि इतरही बऱ्याच देशांचा. आधी लस दिली आणि चिप महिन्याने बसवली, तर ती लस कागदावर धरतच नाहीत. ती नेमकी याच मांजराला दिली याला पुरावा काय? लशीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं असावं लागतं, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस जाऊ द्यावे लागतात.

इतकंच असतं तर महिन्याभरात भागलं असतं. पण ज्या देशांत रेबीज आटोक्यात आलेला नाही तिथून युरोपात जायचं असेल, तर रक्ताची तपासणी लागते. तिला सगळे टायटर म्हणतात. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरायला हवं. ते भरलं तरी रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अशा देशांतून जपानला जायचं तर हे थांबणं १८० दिवसांचं, आणि जपानला पोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या खात्याला कळवावंही लागतं. ऑस्ट्रेलियाचे नियम त्याहून कडक. तिथे उतरल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात विलगीकरणात राहावं लागतं ते वेगळंच.

इतकं थांबवून का ठेवतात हे कळल्यापासून मला त्या नियमांचा राग येत नाही. लस लागू पडली हे रक्तावरून कळतं, पण लस देण्याआधीच एखाद्या चाव्यातून विषाणू शरीरात शिरलेला असेल तर? रेबीज कोणतंही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकतो. रस्त्यावरून उचललेल्या जिवाचा मागचा इतिहास तर कोणालाच ठाऊक नसतो. एक दिलाशाची गोष्टही आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे टायटर एकदा पास झाली आणि पुढची प्रत्येक लस मुदत संपण्याआधी दिली, तर ती तपासणी पुन्हा करावी लागत नाही. एका लशीची मुदत हुकली की मात्र सगळं पहिल्यापासून. म्हणून लशीची तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये आहे आणि माझ्या शेजारणीच्याही.

भारतात परत न्यायचं असेल तर ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस या सरकारी विभागाची ना-हरकत निघण्याआधी हातात लागते, शिवाय निघतो त्या देशातल्या सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला. हे नियम बदलत राहतात. तेव्हा कोणाच्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही नाही. तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजा नियम स्वतः वाचा.

चिपबद्दल एक गोष्ट परदेशात राहणाऱ्यांनी खास लक्षात ठेवायला हवी. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू. तिच्यात बॅटरी नसते, मांजर कुठे आहे हेही ती सांगत नाही. स्कॅनर जवळ आणला की पंधरा आकडी क्रमांक दाखवते, एवढंच तिचं काम. तो क्रमांक नोंदणीत कोणाच्या नावावर आहे आणि पुढे कोणता फोन लिहिलाय, यावर सगळं अवलंबून. आपण देश बदलला की पहिलं सिमकार्ड बंद करतो. नोंदणीत तोच जुना नंबर राहिला तर हरवलेलं मांजर सापडूनही आपल्यापर्यंत पोचत नाही. नोंदणीत ईमेल द्या, आणि ज्याचा नंबर बदलणार नाही अशा एका माणसाचा फोन द्या.

पण या सगळ्याआधी ते मांजर खरंच बेवारस आहे का ते बघा. हे मी फार जोर देऊन सांगते, कारण आपल्याला रस्त्यावर दिसलेलं मांजर बेवारस वाटण्याची सवय असते. कित्येक देशांत पाळलेली मांजरं दिवसभर बाहेर हिंडून रात्री घरी जातात. तशा मांजराला दार लावून आत ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं माणूस पळवण्यासारखं आहे. आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर त्या मांजराची नसबंदी करून त्याला मुद्दाम त्याच जागी परत सोडलेलं असतं, आणि बहुधा कोणीतरी त्याला रोज खायला घालत असतं. कान अखंड असेल तर पशुवैद्याकडे नेऊन चिप आहे का ते तपासून घ्या. आमच्या डॉक्टरांनी स्कॅनर आधी खांद्यांच्या मधोमध फिरवला, मग दोन्ही बाजूंनी, मग पुढच्या पायांपर्यंत खाली नेला, कारण चिप कातडीखाली सरकू शकते. मी श्वास रोखून उभी होते. एकीकडे तिचा मालक सापडावा असं वाटत होतं आणि दुसरीकडे तो सापडू नये असंही. स्कॅनर वाजला नाही. तरीही तिचा फोटो आसपास लावला, वाट पाहिली, आणि मगच तिला नाव ठेवलं. चिंगी.

चिंगी तिरंगी आहे: काळा, केशरी, पांढरा. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि काळा-केशरी दोन्ही रंग अंगावर यायला सहसा दोन एक्स लागतात. त्यामुळे डॉक्टरांनी सांगण्याआधीच मला पुढचं काम कळलं होतं. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. नसबंदी लांबवली की एका जिवाचे पाच जीव होतात, आणि त्या पाचांसाठी आपल्याकडे ना घर असतं ना कागद.

घरातल्या पहिल्या दिवसांबद्दल कोणी फारसं विचारत नाही, पण मला त्याबद्दल बोलायला आवडतं. चिंगी पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसली ती बाहेरच येईना. पाणी, खाणं आणि शी-शूसाठी माती भरलेला ट्रे त्याच खोलीत ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं. घाबरलेल्या जिवाला अख्खं घर एकदम दिलं तर ते आणखी घाबरतं. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत जमिनीवर बसून काम करायचे. तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. हे मनाचं नाही सांगत. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ मांजरं जास्त येत होती. एका रात्री मी मीटिंगमध्ये बोलत असताना पलंगाखालून एक पांढरा पंजा बाहेर आला आणि माझ्या चार्जरच्या वायरवर येऊन थांबला. नखं आत होती. मी बोलणं थांबवलं नाही, फक्त आवाज हळू केला.

त्या दिवसांत बशीवर मात्र कडक लक्ष हवं. कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तर सावरून घेतं. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. "घाबरलीय, खाईल हळूहळू" असं म्हणत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. घरातली पॅरासिटामॉल तिला कधीही देऊ नका, एक गोळीही मांजराचा जीव घेते. लिलीची फुलं घरात आणू नका, त्यांचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि पकडताना चावा किंवा ओरखडा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही, वेळेवर लस घेतली तर जवळपास प्रत्येक जण वाचतो.

आता आईच्या मूळ शंकेकडे येते: मला अचानक जावं लागलं तर? परदेशातल्या माणसाला रात्रीत विमान पकडायची वेळ येऊ शकते, घरचा फोन यायला वेळकाळ नसतो. म्हणून चिंगीला दुसरं माणूस पहिल्या दिवसापासून आहे. माझी शेजारीण. तिच्याकडे किल्ली आहे, डॉक्टरांच्या दवाखान्यात तिचं नाव लिहून दिलंय, आणि उपचाराचा निर्णय ती घेऊ शकते असं पत्रही दिलंय. सदिच्छा पुरत नाही, दवाखान्यात सही करणारं माणूस लागतं. घरमालकाची परवानगीही लेखी घ्या, तोंडी होकार भाडेकरार नव्याने करताना कोणाच्या लक्षात राहत नाही. असं दुसरं माणूस तुमच्याजवळ अजून नसेल, तर मांजर घेण्याआधी ते शोधा. ही एकच अट मी कोणालाही माफ करणार नाही.

प्रवासाच्या पेटीचंही तसंच. निघायच्या आठवड्यात आणलेली पेटी मांजराला सापळा वाटते. आमची पेटी दार उघडं ठेवून, आत माझा जुना स्वेटर घालून, खिडकीखाली कायम पडलेली असते. चिंगी दुपारची तिथेच झोपते. आत तिला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, हा विमानप्रवासाच्या पेटीचा मूळ नियम. गुंगीचं औषध देऊन पाठवू का, असंही कोणी विचारलंय. स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. विमानात त्याने रक्तदाब आणि श्वास बिघडू शकतो, आणि बऱ्याच विमान कंपन्या गुंगीतला प्राणी घेतच नाहीत.

एकटेपणा वाटतो म्हणून घेतलीस का, असंही तुमच्यापैकी एकीने विचारलं. एकटेपणा होता आणि तिच्यामुळे संध्याकाळी घरी यायची ओढ लागली, हे खरं आहे. पण तिला आत घेतलं ते ती पावसात पार्किंगच्या जिन्याखाली बसायची म्हणून, आणि तिच्यासाठी धावपळ करायला माझ्याकडे पगार आणि वेळ होता म्हणून. परदेशात आपल्याला सहसा मतदान नसतं, बऱ्याच गोष्टींत आपला शब्द चालत नाही. दाराशी आलेल्या जिवाची जबाबदारी मात्र पूर्ण आपली असू शकते.

ज्यांची परतीची तारीख ठरलेली आहे आणि ती दोन-चार महिन्यांवर आहे, त्यांनी मांजर स्वतःच्या नावावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी तुम्हाला करता येईल असं बरंच आहे. तिला दवाखान्यात न्या, चिप, लस आणि नसबंदी करून घ्या, तुमच्या खोलीत तिला माणसांची सवय लावा, आणि तिथेच कायम राहणारं घर शोधा. घर मिळालं की चिपची नोंदणी त्यांच्या नावावर करून द्या आणि लशीचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवा. कानाचं टोक कापलेला, माणूस दिसताच पळणारा मोठा बोका असेल तर त्याला त्याच्या जागीच राहू द्या. त्याला खायला घालणारं माणूस शोधा आणि सुट्ट्यांच्या दिवसांची पाळी तुम्ही घ्या. त्या दिवसांत त्यांना माणसं कमी पडतात.