आई-बाबा, सात वर्षांचा मुलगा आणि स्की : वेंगेनचं कसंबसं ठरलं एकदाचं

फेब्रुवारीत आई-बाबा येतायत डोंबिवलीहून, आणि नेमकी तेव्हाच इथे झुरिकला शाळांना दोन आठवड्यांची स्पोर्टफेरिएन असते, म्हणजे अख्खं शहर डोंगरावर. ही सुट्टी म्हणे दुसऱ्या महायुद्धात सुरू झाली, कोळसा वाचवायला शाळा बंद ठेवायचे आणि मग पोरांना पाठवा बर्फात. कोळशाचा प्रश्न कधीच मिटला, सुट्टी राहिली, आणि आता त्या दोन आठवड्यांत डोंगरावर भाडं असं असतं की वाचलेल्या कोळशाचे पैसे आपल्याकडूनच वसूल करतायत असं वाटावं.

तर आम्ही पाच जण. नवरा बऱ्यापैकी स्की करतो. मी मागच्या दोन सीझनमध्ये फक्त पडायला शिकलेय, पण छान पडते. लेक सात वर्षांचा, त्याला भीती नावाचा प्रकार माहीत नाही. आणि आई-बाबा, जे स्की करणार नाहीत हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. नवऱ्याने आधी जी लिस्ट केली होती ती सगळी ‘किती किलोमीटर उतार, किती लिफ्ट’ अशी होती, आणि मी ती बघून विचारलं की आई-बाबा दिवसभर काय करणार, बाल्कनीत बसून हीटर बघणार का. तिथून सगळं प्लॅनिंग उलटं फिरलं. आता आमचा नियम एकच, जो स्की करत नाही त्याच्यासाठी गाव निवडायचं, करणाऱ्यांना उतार कुठेही मिळतो.

शेवटी दोन गावं उरली, म्यूरेन आणि वेंगेन. दोन्ही बर्नच्या डोंगरात, लाउटरब्रुनेनच्या दरीच्या दोन बाजूंना, दोन्हीकडे गाड्या नाहीत. म्यूरेन जास्त उंच, १६०० मीटरच्या वर, अगदी कड्याच्या टोकावर बसलेलं, काळपट लाकडी घरं, छोट्या खिडक्या, बघताक्षणी प्रेमात पडावं असं. १९३१ ला अल्पाइन स्कीची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथेच झाली. पण तिथले उतार तिखट आहेत, नवशिक्याला जरा जपूनच, आणि आईने फोटोत तो कडा बघितला आणि म्हणाली, “पोराला तिथे मोकळं सोडायचं नाही हं.” संपला विषय.

वेंगेन १२७४ मीटरवर आहे, आणि तिथे नवशिक्यांचा उतार चक्क गावाच्या मधोमध आहे. म्हणजे लेक क्लासमध्ये पडतोय आणि आजी वर रस्त्यावरून शाल गुंडाळून बघतेय, हे जमतं. मला तेवढंच हवं होतं.

गाडी न्यायचीच असेल तर ती खाली लाउटरब्रुनेनच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि तिथून दातेरी रुळावरच्या ट्रेनने वर जायचं, दहा-पंधरा मिनिटांत गाव. आम्ही तर झुरिकहूनच ट्रेनने जाणार, बर्न, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन, बदल्या जास्त आहेत पण प्रत्येक ठिकाणी समोरच दुसरी गाडी उभी असते. ‘गाडी जात नाही तर सामान कोण नेणार, हमाल?’ हा आईचा प्रश्न, तर स्टेशनवर हॉटेलवाल्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या येतात, आणि आमचं घर स्टेशनपासून चालत सहा-सात मिनिटांवर आहे असं मालकीणबाईंनी लिहिलंय (स्विस सहा मिनिटं म्हणजे आपली बारा, तेही चढाची, हे अनुभवाने सांगते).

बाबांना मात्र स्कीपेक्षा ट्रेनचंच वेड लागलंय. ते रेल्वेत होते, कसारा घाटात बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) लावून गाड्या चढवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे फोनवर रोज एक नवीन प्रश्न. वेंगेनची ही लाइन १८९३ ची, रुळांमधलं अंतर ८०० मिलिमीटर, हे मी सांगितल्यावर लगेच, “माथेरानची दोन फुटी, म्हणजे ६१०. पण माथेरानला दाते नाहीत, दाते उटीच्या लाइनला.” आणि मग त्यांनीच मला शिकवलं की उटीची ती वाफेची इंजिनं विंटरथूरला बनली होती. विंटरथूर! आमच्या घरापासून लोकलने अर्धा तास, मी दर महिन्याला जाते आणि मला काही पत्ता नव्हता. गाड्या नसलेलं गाव, वर जायला छोटी ट्रेन, म्हणून बाबा वेंगेनला आता ‘बर्फातलं माथेरान’च म्हणतात, फक्त घोडे आणि लाल माती नाही.

या ट्रेनमुळेच खरं तर वेंगेन फायनल झालं. ती गावाच्या वर क्लाइने शाइडेगला जाते, २०६१ मीटर, आयगर डोंगराच्या त्या प्रसिद्ध उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्याशी. स्की करणारे, न करणारे, सगळे त्याच गाडीने वर. म्हणजे नवरा उतारावरून येईल, आई-बाबा ट्रेनने, आणि दुपारी जेवायला सगळे एका टेबलावर. इथे १९२५ मध्ये इंग्रजांनी एक क्लब काढला, त्याचं नावच ‘डाउनहिल ओन्ली’, कारण वर जायला ट्रेन वापरायची आणि स्कीवरून फक्त खाली यायचं. त्या काळी खरे स्कीवाले पायी चढून जायचे ना. मला हे इंग्रज फार जवळचे वाटले.

तारखांचा घोळ मोठा होता. जानेवारीच्या मध्यात वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की रेस असते, १९३० पासूनची, जवळपास साडेचार किलोमीटरचा डाउनहिल, वर्ल्ड कपमधला सगळ्यात लांब, अडीच मिनिटांत खाली. २०१३ ला योहान क्लारे नावाचा फ्रेंच माणूस तिथे ताशी १६१.९ किलोमीटरने गेला होता, दोन लाकडी फळ्यांवर (लाकडी नसतात आता, पण तुम्हाला कळलं). तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते, तो वीकेंड टाळाच, किंवा फक्त रेस बघायलाच जा. मार्च स्वस्त आणि उन्हाचा, पण शाळा. वर्षाला दोन जोकरटाग मिळतात, म्हणजे कारण न सांगता घ्यायच्या रजा, त्यात आठवडा कुठे बसणार? मग फेब्रुवारीच. त्यातही आम्ही सुट्टीचा पहिला आठवडा घेतला, कारण दुसऱ्यात इंग्लंडच्या शाळांनाही सुट्टी आहे आणि वेंगेनमध्ये इंग्रज आजही भरपूर येतात. भाड्याची घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतात, ‘बुधवारी येऊ का’ असं विचारू नका, मी विचारलं होतं.

क्लास लेकाला आणि मला, दोघांनाही लावलाय, वेगवेगळा अर्थात. पोरांना इथे पिझ्झा आणि पोमेस असं शिकवतात, पिझ्झा म्हणजे स्कीची टोकं जवळ आणून त्रिकोण करायचा, मग वेग कमी होतो, पोमेस म्हणजे फ्रेंच फ्राइजसारख्या दोन्ही सरळ. लेक जन्मजात पोमेस आहे. मी कायमची पिझ्झा. आणि नवशिक्यांनी पहिल्या दिवसापासून सगळ्या भागाचा लिफ्टचा महागडा पास काढू नये, दोनशेच्या आसपास किलोमीटर उतार आहेत तिथे, आपण त्यातले दोनशे मीटर वापरणार.

स्की, बूट भाड्यानेच. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, दुकानात वजन खरं सांगा. बूट स्कीला ज्या क्लिपने अडकतो ती तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला किती येतं यावर सेट करतात, म्हणजे पडल्यावर बूट वेळेत सुटावा. मागच्या वर्षी मी लाजेखातर सहा किलो कमी सांगितले तर स्की जरा काही झालं की सुटायची, मी एकीकडे, ती एकीकडे. जास्त सांगितलं तर उलट, सुटतच नाही, आणि मग गुडघ्याचं काही खरं नसतं.

इन्शुरन्स हा कंटाळवाणा भाग पटकन उरकते. इथे नोकरीत आठवड्याला आठ तासांच्या वर काम असेल तर सुट्टीतल्या अपघाताचाही विमा ऑफिसकडून असतो, मुलाचा हेल्थ इन्शुरन्समध्ये बघावा. आई-बाबांची पॉलिसी भारतातून घेताना ‘आम्ही स्की करणार नाही’ म्हणून दुर्लक्ष करू नका, बर्फाळ रस्त्यावर घसरायला स्की लागत नाही. दोघांना बुटांवर चढवायच्या काटेरी रबरी पट्ट्या घेतल्यात. चालायला हिवाळी वाटा वेगळ्या असतात, गुलाबी पाट्यांच्या, त्या सोडून कुठे जायचं नाही हे बाबांना लिहून दिलंय, कारण ते जाणार.

आता जेवण. आई पक्की शाकाहारी, आणि फॉन्ड्यूत व्हाइट वाइन असते, वर किर्शही, म्हणजे चेरीची दारू, घालतात, त्यामुळे ते बाद. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते, बहुतेकदा वासराच्या पोटातलं) हा विषय मी मुद्दाम काढलेला नाही, काढला तर आठवडाभर कोरडी पोळी. पण र्‍योश्टी आहे की! र्‍योश्टी म्हणजे उपासाचा बटाट्याचा कीसच, फक्त दाण्याचं कूट आणि मिरची नाही, आणि तव्यावर खरपूस धिरड्यासारखा थापलेला. मागवताना स्पेक नको म्हणून सांगायचं, म्हणजे बेकन. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग मी कूट घेऊनच येते.” आता डोंबिवलीहून अर्धा किलो दाण्याचं कूट येतंय, भाजणीही येतेय, आणि स्टेशनजवळच्या कोऑप सुपरमार्केटमध्ये दूध, दही, बटाटे मिळतात.

म्हणून घर किचनवालंच घेतलं. उंचीवर पाणी ९६ डिग्रीच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, त्यामुळे कुकर मी इथूनच नेणार आहे. शिटी आणि रिंग वेगळ्या पिशवीत, मागच्या वेळी रिंग घरी राहिली होती.