ओत, आटे आणि मंगळवारच्या तारखा

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या आसपास वाढलेल्या माणसाला बिडाचा ओत, म्हणजे साच्यात ओतून घडवलेला भाग, ओळखायला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची सांधरेषा कुठे पडली आहे, वाळू बारीक होती की भरड, अक्षरे पॅटर्नमध्येच, म्हणजे साचा पाडण्याच्या लाकडी नमुन्यातच, कोरलेली होती की नंतर ठोकून उमटवलेली आहेत, हे इथल्या फाउंड्रीत काम केलेल्या कुठल्याही कारागिराला नुसत्या बोटांनी कळते. जुनी अमेरिकन हातहत्यारे जमवण्याचा आणि ती कुणी, कोणत्या सुमारास घडवली हे शोधून काढण्याचा नाद मला लागला, त्यामागे बेळगावची ही नजर आहे असे मी मानतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह 1888 मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली ती याच गावात. लोखंडी नांगर घडवण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न इथलेच, आणि 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला तरी बेळगावातील तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो. पुढे शहरात फाउंड्या आणि मशीन शॉप उभे राहिले. पॅटर्न करणाऱ्या सुतारांना उत्तम रंधे, पटाश्या आणि गुण्ये लागत, तर फिटरना पाने आणि कानशी लागत. त्या पिढीच्या पेट्या आता उघडत आहेत. मुले नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली असतात, घर विकायचे असते, आणि पेटी किलोच्या भावाने भंगारात जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील भंगाराच्या दुकानांत म्हणूनच अधूनमधून एखादे अस्सल हत्यार हाती लागते.

अधूनमधून हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. आपल्याकडे सापडणारी बहुतेक जुनी विलायती हत्यारे अमेरिकन नसून इंग्लंडमधील शेफिल्डची असतात, आणि इंग्रजी अमलातील बाजारपेठेचा विचार करता त्यात काही नवल नाही. अडचण अशी की दोन्ही देशांची हत्यारे दिसायला सारखीच असतात. लोखंडी रंध्याची आज सर्वत्र दिसणारी रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची. कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन गावच्या स्टॅनले रूल अँड लेव्हल कंपनीने 1869 मध्ये त्याचे हक्क घेतले. पेटंटची मुदत संपल्यावर शेफिल्डच्या रेकॉर्डने 1931 मध्ये त्याच घाटाचे रंधे बाजारात आणले. पुढे खुद्द स्टॅनलेनेही इंग्लंडमध्ये उत्पादन सुरू केले. त्यामुळे रंध्यावर स्टॅनले असे लिहिलेले आहे एवढ्यावरून तो अमेरिकन ठरत नाही. ओतावर मेड इन इंग्लंड अशी अक्षरे आहेत का, हे आधी पाहावे. रेकॉर्डने आपल्या क्रमांकाच्या आधी शून्य लावले, म्हणजे स्टॅनलेचा पाच नंबर तिथे शून्य पाच होतो, आणि एवढ्या खुणेवरून निम्मा घोळ जागच्या जागी मिटतो.

शहापुरातील एका वयोवृद्ध सुतारांकडून घेतलेला पाच नंबरचा, म्हणजे चौदा इंची रंधा मी या लेखासाठी पुन्हा उघडून समोर ठेवला आहे. पात्यावरची चाप उचलून पाते बाहेर काढले की खाली तिरकी बैठक दिसते, जिला इथले कारागीरही फ्रॉगच म्हणतात. या बैठकीच्या मागे, मुठीच्या पुढ्यात, पलंगावर, म्हणजे रंध्याच्या ओतीव अंगावर, तीन ओळी उठावाने ओतलेल्या आहेत: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902 आणि 19 एप्रिल 1910. अक्षरांच्या कडा किंचित गोलसर आहेत आणि त्यांच्या भोवतीचे काळे लुकण, म्हणजे ओतावरचे मूळ रोगण, अक्षरांच्या पायाशी दाट साचलेले आहे, म्हणजे ती पॅटर्नमधूनच आलेली आहेत. पुढची गोल मूठ बुटकी आहे आणि पाते वर-खाली करणारा पितळी नट जेमतेम एक इंच व्यासाचा आहे. नंतरच्या रंध्यांवर ही मूठ उंच झाली आणि नट सव्वा इंचाचा झाला. तीन तारखा, बुटकी मूठ आणि लहान नट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रंधा 1910 ते 1918 या काळातला ठरतो. ते सुतारमामा मला म्हणाले होते, “पात्यावरचं नाव वाचून भुलू नकोस बाळा, पातं बदलतंय. ओत बदलत नाही, तो बघ.” संग्राहकांच्या जाड याद्यांमध्ये जे पानोपान लिहिलेले असते, त्याचे सार या वाक्यात आले आहे.

पाते खरोखरच बदललेले असते. रोज काम करणाऱ्या माणसाचे पाते धार लावून लावून आखूड होते, मग तो नवे आणतो. याच रंध्यातील पात्यावर बदामाच्या आकृतीत एस आणि डब्ल्यू ही दोन अक्षरे ठोकलेली आहेत. स्टॅनले वर्क्सचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या सन्मानार्थ घेतलेली ही खूण साधारणपणे 1920 ते 1935 या काळातील मानतात. म्हणजे पाते पलंगापेक्षा नवे आहे, आणि रंधा किमान काही वर्षे राबल्यानंतरच ते त्यात आले. विक्रीच्या दृष्टीने हा दोष धरला जातो. मला मात्र अशी जोडी अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यातून हत्याराचा वापर दिसतो. चापेवर खाचा असलेल्या चौकटीत स्टॅनले हे नाव 1925 च्या सुमारास आले, आणि चापेचे भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे झाले ते 1933 पासून. दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाल्याने पितळी नटाच्या जागी लोखंडी किंवा कडक रबरी नट आले, आणि शिसवी मुठींऐवजी रंग दिलेले साधे लाकूड आले. असा रंधा दिसायला ओबडधोबड असतो म्हणून दुकानदार तो नकली समजून बाजूला टाकतात, पण त्याचा ओत जड आणि भरीव असतो.

पेटंटच्या तारखांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत पेटंट मंगळवारीच दिली जातात. वर दिलेल्या तिन्ही तारखांचे वार काढून पाहा, तिन्ही मंगळवारच निघतात. एखाद्या हत्यारावरची तारीख गंजाने अर्धवट झिजली असेल, आणि 16 वाचावे की 18 असा प्रश्न पडला असेल, तर जुन्या पंचांगावरून वार पडताळून निर्णय करता येतो. मात्र ही तारीख उत्पादनाची नव्हे. त्या काळी पेटंटची मुदत 17 वर्षांची होती आणि पॅटर्न बदलेपर्यंत तीच तारीख ओतात येत राही, म्हणून तारखेवरून हत्यार त्यापूर्वीचे नाही एवढेच ठामपणे म्हणता येते. जिथे तारखेऐवजी क्रमांक असतो तिथे पेटंटच्या क्रमांकांची चढती भांजणी उपयोगी पडते: दहा लाखावे पेटंट 1911 चे आणि वीस लाखावे 1935 चे आहे.

करवतींच्या बाबतीत ओताची मदत नसते, तिथे मुठीवरचा पितळी बिल्ला पाहावा लागतो. फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टनने 1840 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याच्या करवती जगभर गेल्या. पाठ आतल्या बाजूला किंचित वळलेली त्यांची डी-8 ही करवत 1874 ची, आणि तिच्या नावातील आडवी रेघ 1928 मध्ये गळली. बिल्ल्यावर गरुड आणि वॉरंटेड सुपीरियर हे शब्द दिसले की लोक हर्षभरित होतात, परंतु हा बिल्ला अनेक कारखाने सर्रास वापरत असल्याने त्यावरून कारखाना ठरत नाही. अशा वेळी पात्यावर आम्लाने कोरलेली पुसट नक्षी शोधावी. सपाट लाकडी ठोकळ्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, थोडे तेल लावून, हलक्या हाताने लांबीच्या दिशेने घासले तर नक्षीतील काळसरपणा खाली राहतो आणि अक्षरे उमटू लागतात. नुसत्या बोटांच्या दाबाने घासल्यास खोलगट भागही उजळून निघतो आणि उरलीसुरली नक्षी कायमची जाते.

पान्यांची ओळख मापावरून पटते. इंग्लंडच्या व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावर बोल्टच्या दांड्याचे माप कोरलेले असते, तोंडाचे नव्हे. म्हणून त्यावर अर्धा इंच लिहिलेले असले तरी त्याचे तोंड भरते 0.92 इंच. नंतरच्या अमेरिकन पान्यावर अर्धा लिहिलेले असेल तर तोंडही अर्धा इंचच असते. कॅलिपर लावला की देश कळतो. आट्यांचेही तसेच आहे: व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंशांचा, तर अमेरिकन आट्याचा 60 अंशांचा. स्टॅनलेच्या रंध्याची मूठ धरून ठेवणाऱ्या सळईचे आटे तर कुठल्याच दुकानी मालाशी जुळत नाहीत, कारण ते अमेरिकन स्क्रूच्या मापातील बारा नंबरी जाडीला इंचामागे 20 असे आहेत. हरवलेल्या सळईच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासचा बोल्ट दामटून बसवणे हा या हत्यारांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे, कारण त्यात बिडातील मूळ आटे चिरडले जातात आणि ते पुन्हा येत नाहीत. आपल्याकडे यावर चांगला उपाय आहे. उद्यमबागेतील कुठल्याही जुन्या लेथवाल्याला 60 अंशांचे टूल लावून इंचाला 20 आटे पाडायला सांगा. तो चहा थंड होण्याआधी सळई हातात देतो. नमुना म्हणून दुसरी शाबूत सळई मात्र बरोबर न्यावी.

भंगारातून आणलेले हत्यार पहिल्याच दिवशी तारेच्या चाकावर धरून चकचकीत करणे मला अजिबात मान्य नाही. काळे लुकण, मुठीवरचा घामाने आलेला रंग, पात्यावरची नक्षी हा सगळा पुरावाच आहे. मी आधी रॉकेलमध्ये भिजवतो, पितळी ब्रशने माती काढतो, आणि गंज खोल असेल तरच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरचे चिमटे जोडतो. हत्याराला ऋण टोक आणि टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला धन टोक जोडायचे असते. या पट्टीसाठी स्टेनलेस स्टील कधीही घेऊ नये, कारण त्यातून विषारी क्रोमियमचे क्षार पाण्यात उतरतात. ज्याच्या अंगावर मूळ लुकण टिकून आहे असा पलंग या पाण्यात बुडवायचा नसतो. लुकण सैल होऊन सुटते. इतके करून आपल्या पावसाळ्याचे भय उरतेच. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की उघडे ठेवलेले पोलाद रात्रीत तांबूस होते, म्हणून तेवढ्या महिन्यांत मी दर आठवड्याला शिलाई मशिनच्या तेलाचे बोट सर्व उघड्या भागांवर फिरवतो.

प्रत्येक हत्याराची नोंद एका वहीत असते: कुठल्या गावातून आले, कोणत्या पेशाच्या माणसाकडे होते, कोणते भाग मूळचे आणि कोणते बदललेले, कालावधी कोणत्या खुणांवरून ठरवला. पाच नंबरच्या रंध्यासमोर पलंग 1910 ते 1918, पाते 1920 नंतरचे, शहापूर, पॅटर्नचे काम असे लिहिले आहे. त्याखाली खानापुराहून आलेली, गरुडाचा बिल्ला असलेली एक करवत आहे; तिची नक्षी अजून घासून पाहायची आहे, त्यामुळे कारखान्याचा रकाना तूर्त मोकळा ठेवला आहे.